छातीतली बंद डबी

रविवारी सकाळी माझ्या धाकट्या बहिणीचा, सुषमाचा फोन आला तेव्हा मी मल्हारगंजात आमच्या घराखालच्या पोह्यांच्या गाडीपाशी उभा होतो. "दादा, हे बाथरूममध्ये पडलेत. डोक्याला लागलंय. बोलत नाहीयेत..." एवढंच बोलली. लालबागजवळच्या त्यांच्या फ्लॅटवर पोचलो तर शेजाऱ्यांनी मिलिंदला, माझ्या मेव्हण्याला, उचलून अँब्युलन्समध्ये ठेवलं होतं. मी फाइल आणायला धावत वर गेलो. फाइल समोरच होती, पण माझी नजर आधी गेली ती पलंगाशेजारच्या पांढऱ्या पेटीवर. मिलिंदच्या छातीत पेसमेकर होता आणि त्याची खबरबात ही पेटी परस्पर कंपनीला कळवायची. मिलिंदचं तिच्याशी हाडवैर. मला खात्री होती की यानं ती बंदच करून ठेवली असणार. पण हिरवा दिवा लागलेला होता. पेटी जागी होती, सगळं कुठेतरी कळवत होती, आणि तरीही आम्हाला कुणी काही कळवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिलिंद गेला.

संशय हा खरं म्हणजे त्याचा विषय, माझा नव्हे. मी विमा कंपनीत आयुष्य काढलेला माणूस. छापील कागदावर शिक्का असला की माझं समाधान व्हायचं. पण आमच्या घराची आणि मिलिंदची पहिली ओळख झाली ती संशयानंच, आणि तो संशय आमच्याकडून होता. सुषमाला स्थळ आलं तेव्हा मुलगा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो हे ठीक होतं, पण उरलेल्या वेळात तो कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो आणि लोकांना फुकट वाटतो, वर ते कसे लिहिले तेही उघड करून देतो, हे ऐकून आमचे बाबा ताठ झाले. "फुकट देतो म्हणजे मालात खोट असणार, नाहीतर माणसात," असं म्हणून त्यांनी मला चौकशीला पाठवलं. मी त्याच्या कॉलेजात गेलो, चपराशापासून विचारत विचारत निघालो, तर मागून एक किडकिडीत तरुण आला आणि म्हणाला, "तुम्ही माझ्याबद्दलच विचारून राहिलात ना? मग मलाच विचारा की. मी लपवत काही नाही." तिथल्या कँटीनमध्ये त्यानं मला कचोरी खिलवली आणि समजावून सांगितलं की ज्या यंत्राचं पोट उघडून बघता येत नाही ते यंत्र आपलं नसतं, आपण त्याचे भाडेकरू असतो. मला त्यातलं फारसं कळलं नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं, मुलगा सरळ आहे, पण जरा सटकलेला आहे. बाबा म्हणाले, सरळ माणसं थोडी सटकलेलीच असतात, होऊ दे.

पुढं आमच्या या हिंदी मुलखातल्या मराठी वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीसाठी त्याचाच प्रोग्राम आला आणि आजही तोच चालतो. पण मिलिंदचं हे वेड कॉम्प्युटरपुरतं कधीच नव्हतं. घरात नवी वस्तू आली की "उघडल्यास वॉरंटी संपेल" असं लिहिलेला स्टिकर तो पहिल्या दिवशीच नखानं सोलून काढायचा. कुकर त्याला फार आवडे. म्हणायचा, शिट्टी काढा, रिंग बदला, काय बिघडलं ते कुकर स्वतः ओरडून सांगतो, याच्याइतकं प्रामाणिक यंत्र स्वयंपाकघरात दुसरं नाही. किराण्याचं ॲप त्यानं कधी घेतलं नाही. आपण डाळ किती खातो हे दुकानदाराला ठाऊक असेल तर तो निदान "भिया, बऱ्याच दिवसांत आला नाहीत" असं विचारतो तरी, ॲप नुसतं लक्षात ठेवतं आणि विचारत काही नाही, हे त्याचं म्हणणं. एकदा पाणी शुद्ध करायचं यंत्र अचानक बंद पडलं. फिल्टर स्वच्छ, वीज चालू, तरी पाणी येईना. मिलिंदनं पोट उघडून शोधून काढलं की ठरलेली तारीख उलटली की ते आपोआप बंद व्हावं अशीच आतली सोय आहे, आणि कंपनीचा माणूस येऊन बटण दाबेस्तोवर ते सुरू होत नाही. त्यानं दोन तारा जोडल्या आणि पाणी सुरू केलं. त्याचा चेहरा लढाई जिंकल्यासारखा. पण सुषमा ते पाणी प्यायला तयार नव्हती. तिचा संशय कंपनीवर नव्हे, मिलिंदनं जोडलेल्या तारांवर होता... ती आमच्याकडे येऊन पाणी भरून नेत राहिली, आणि शेवटी मिलिंदनंच कंपनीच्या माणसाला फोन केला. त्या दोघांच्या संसारात जिंकायची रीत साधारण अशी होती.

मग तो एकदा वर्गात शिकवता शिकवता कोसळला. तपासणीत निघालं की हृदयाचे ठोके मधेच थांबतात, पेसमेकर बसवावा लागेल. मी आणि सुषमा सोबत होतो. डॉक्टरांनी ती नाण्याएवढी चकाकती डबी टेबलावर ठेवून सगळं नीट समजावलं. मिलिंदनं ती उलटसुलट केली, कडेवरून अंगठा फिरवला. स्क्रू शोधत होता, हे मला आणि सुषमाला कळलं आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"यात प्रोग्राम असेल ना? तो वाचायला मिळेल का?" त्यानं विचारलं.

डॉक्टर हसले. "भाईसाहब, इतने साल से लगा रहा हूँ, आज तक किसी ने नहीं पूछा।"

"म्हणूनच विचारून राहिलोय," मिलिंद म्हणाला. "माझ्या छातीत राहणार आहे. कोणी लिहिलं, त्यात काय चुका निघाल्या, बाहेरून कोणी त्यात हात घालू शकतं का... हे मला नको कळायला?"

डॉक्टर भले होते. त्यांनी कंपनीचा पत्ता दिला. कंपनीकडून अत्यंत गोड भाषेत उत्तर आलं की ते आमचं व्यापारी गुपित आहे, आपल्या प्रकृतीस शुभेच्छा. मिलिंदनं दुसऱ्या कंपनीला विचारलं, तिसरीला विचारलं. शुभेच्छा सगळ्यांनी दिल्या. आणि ऑपरेशन पुढं ढकललं जात राहिलं. आम्ही समजावून थकलो. मला तर शंका यायला लागली की हा तत्त्वाच्या आड लपून ऑपरेशनची भीती झाकतोय. तसं मी त्याला बोलूनही दाखवलं. तो रागावला नाही. "भीती आहेच, दादा," म्हणाला, "पण ती सुरीची नाही."

लालबागच्या मैदानावर जत्रा लागली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही तिघं चिनीमातीच्या बरण्या बघत होतो. मिलिंद एक बरणी हातात घेऊन झाकण फिरवून बघत होता आणि तसाच, बरणीसकट, खाली गेला. बरणीचे तुकडे झाले. गर्दी जमली, कुणी म्हणे चक्कर, कुणी म्हणे कांदा हुंगवा. सुषमा जमिनीवर बसून त्याचं डोकं मांडीवर घेऊन होती. त्यानं डोळे उघडले तेव्हा ती ओरडली नाही, रडली नाही. शांतपणे म्हणाली, "आत्ता जे बंद पडलं होतं, ते तरी तुम्ही कुठे वाचलंय? ते कोणी लिहिलं ते ठाऊक आहे तुम्हाला? तरी सत्तावन्न वर्षं चालवलंत ना? मग हेही चालवा. माझ्यासाठी चालवा." मिलिंद उठून बसला. दुकानदाराला "बरणीचे पैसे देतो, भिया" म्हणाला, आणि मग तिला म्हणाला, "उद्या जाऊ."

ऑपरेशनच्या आधी संमतीच्या कागदाची ओळ न् ओळ त्यानं वाचली. नर्स तीनदा येऊन गेली. सही केली आणि मला म्हणाला, "न वाचता सही केली असती तर बरं झालं असतं. वाचून केली की आपणही सामील."

पेसमेकर उत्तम चालला, हे मला मान्य करायलाच हवं. रंग परतला, जिने चढू लागला, कॉलेजात उभ्यानं शिकवू लागला. पण तो थोडा गप्प झाला होता. पलंगाशेजारची पेटी आली तेव्हा त्यानं विचारलं की माझ्या हृदयाची माहिती मला बघायला मिळेल का. उत्तर मिळालं की ती डॉक्टरांसाठी असते, पेशंट उगीच घाबरतात. त्या दिवसापासून तो अधूनमधून पेटीचं बटण बंद करायचा आणि सुषमा सकाळी उठून पहिला तो दिवा बघायची. दिवा बंद दिसला की चहा मिळायचा नाही. हळूहळू त्यानं बंद करणं सोडलं... निदान सुषमाला तसं वाटत होतं, मला नव्हतं वाटत. एकदा लालबागेत फिरताना मी त्याला छेडलं, "काय, बसला ना शेवटी विश्वास?" तो थांबला. छातीच्या डाव्या बाजूला, जिथं ती डबी कातड्याखाली जराशी वर आलेली दिसायची, तिथं हात ठेवला. "दादा, विश्वास बसणं वेगळं आणि इलाज नसणं वेगळं. ही मला रोज जगवून राहिली आहे. हिचे आभार मानावेसे वाटतात. पण मानायचे कोणाचे, तेच कळत नाही."

आता त्या रविवारबद्दल. डॉक्टरांच्या मते आधी मेंदूत रक्तस्राव झाला, म्हणून तो पडला. पण उलटही झालेलं असू शकतं ना? क्षणभर ठोका चुकला, म्हणून पडला, आणि डोकं आपटून रक्तस्राव झाला... मी हे विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ऐसा लगता नहीं है।" 'लगता नहीं' आणि 'नहीं' यांतलं अंतर मला आयुष्यात पहिल्यांदा जाणवलं. मग मिलिंद गेल्यावर हॉस्पिटलात कंपनीचा माणूस आला. तरुण, नम्र, इस्त्रीचा शर्ट. त्यानं मिलिंदच्या छातीवर आपलं यंत्र धरलं, पडद्यावर रेघा धावल्या आणि तो म्हणाला, "सब नॉर्मल है, अंकल।" मी म्हटलं, मला दाखवा. त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. मला काय कळणार! ती माहिती आम्हाला द्या म्हटलं तर म्हणाला की ती घरच्यांना देत नाहीत, हॉस्पिटलला कळवू. हॉस्पिटलकडून आलं ते एक वाक्य: यंत्र योग्य चालत होतं. डॉक्टर खोटं बोलले असं मी म्हणत नाही. त्या मुलाचाही काही राग नाही. पण ज्याला ते वाचता आलं असतं तो माझ्या समोर निपचित पडला होता, आणि त्यालाही जिवंतपणी ते वाचू दिलं नव्हतं कुणी.

पेसमेकर असलेला देह तसाच विद्युतदाहिनीत देत नाहीत, डबीचा स्फोट होतो. म्हणून ती आधी काढली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुषमाच्या हातात दिली. तेरावं होईपर्यंत ती मिलिंदच्या टेबलावर, त्याच्या स्क्रू फिरवायच्या पेचकसांच्या शेजारी पडून होती. मला ती हवी होती. मिलिंदचे जुने विद्यार्थी आहेत, बंगळुरात आहेत, पुण्यात आहेत, कोणी ना कोणी उघडलं असतं. सुषमा म्हणाली, "दादा, आणि नाही उघडलं तर? तू कपाटात ठेवशील आणि रोज काढून बघशील. एका घरात एवढा संशय पुरे झाला."

तिनं एका धर्मादाय संस्थेचा पत्ता मिळवला होता. अशा काढलेल्या डब्या ती संस्था तपासून, निर्जंतुक करून, ज्यांना परवडत नाही त्यांना बसवून देते. मागच्या आठवड्यात त्यांच्या बाई घरी आल्या. मध्यमवयाच्या, सुती साडीतल्या, मऊ बोलणाऱ्या. मी त्यांच्याकडेही संशयानंच बघत होतो. तपासणीत यंत्र कसं निघालं ते आम्हाला कळवाल का, असं विचारलं. कळवू म्हणाल्या. अजून काही कळवलेलं नाही, आणि मी दिवसातून दोनदा फोन बघतो.

सुषमा पिशवी हातात घेऊन मिलिंदच्या खुर्चीत बसली होती. तिनं विचारलं, "ज्याला बसवाल त्याला सांगणार ना, की हे वापरलेलं आहे म्हणून?"

बाई जरा अडखळल्या. "घरच्यांना सांगतो. पेशंटला नाही सांगत सहसा. घाबरतात हो."

सुषमानं मूठ मिटली. "मग नाही देता येणार."

"ताई, कुणाचा तरी जीव वाचेल..."

"वाचू दे ना. पण छाती त्याची आहे. त्याला आधी सांगायचं. त्याला नको असेल तर नको."

बाईंनी गॅलरीत जाऊन त्यांच्या वरच्यांना फोन लावला. बराच वेळ बोलत होत्या. परत येऊन म्हणाल्या, ठीक आहे, याच्या बाबतीत पेशंटला सांगू. सुषमानं त्यांच्याकडून ते पुन्हा एकदा वदवून घेतलं आणि मगच मूठ उघडली. बाई पिशवी पर्समध्ये ठेवत होत्या तेव्हा ती म्हणाली, "आणि त्याला काही विचारावंसं वाटलं, तर माझ्याकडे पाठवा. उत्तरं माझ्याकडे नाहीत. पण प्रश्न सगळे पाठ आहेत."