नीरा आंबायच्या आत

दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, "बाई, संक्रांतीपर्यंत रोज भरभर चाला. नाहीतर इन्शुलिनची सुई सुरू." समजावलंही त्यांनी. पोटावर चरबी साचली की शरीर इन्शुलिनला दाद देत नाही. चाललं की स्नायू साखर वापरतात, चरबी उतरते आणि इन्शुलिन पुन्हा नीट काम करू लागतं. मला मात्र सुई एवढंच ऐकू आलं. आईला शेवटपर्यंत मीच ती टोचली होती. टोचताना ती तोंड फिरवून घ्यायची. माझ्या लेकीवर ती पाळी यायला नको होती.

मग काय, चाला! पहाटे नवरा आणि मी समुद्राच्या कडेने आगर गावापर्यंत जायचो. दिवसभर तलासरीच्या शाळेत उभं राहून, एसटीत लोंबकळत डहाणूला परतणारी मी. पाय उचलता उचलत नसत. हे मात्र पुढे. "अगं, चल लवकर! ऊन चढलं की नीरा आंबेल." परतीच्या वाटेवर नीरावाला बसायचा. थंडीत आमच्याकडे नीरा उजाडतानाच प्यायची, हे ठरलेलंच. हे मोठ्या मायेने एक ग्लास द्यायचे, वर दुसरा. "झाडाची आहे, तिने कुठे साखर वाढते!" सगळं गाव हेच म्हणतं. मीही प्यायचे.

संक्रांतीला रिपोर्ट आला. साखर तशीच, पोटाचा घेर तसाच. माझं डोकंच फिरलं. एवढी मरमर कशासाठी केली मी?

डॉक्टरांनी विचारलं, "चालून आल्यावर काय घेता?"

"काही नाही, फक्त नीरा," हे अभिमानाने म्हणाले. "दोन ग्लास."

"अहो, मग ती गोड कशाने लागते?"

ह्यांचा चेहरा असा पडला, की माझा राग कुठल्या कुठे गेला.

डॉक्टरांनी होळीपर्यंत मुदत दिली. दुसऱ्या दिवशी नीरावाल्याने सवयीने ग्लास भरले. ह्यांनी नको म्हटलं. "तुम्हाला कुठे साखर आहे? तुम्ही प्या की," मी म्हटलं. "चल, गप," म्हणाले आणि पाण्याची बाटली पुढे केली.

होळीला साखर उतरली, घेरही थोडा. "सुई सध्या नको," डॉक्टर म्हणाले. बाहेरच्या बाकावर मी बसूनच राहिले. सध्या! म्हणजे उद्याही चालायचं, परवाही, जन्मभर. खरंच, फार दमले होते मी. रडूच आलं.

हे शेजारी बसले. म्हणाले, "उद्या जरा उशिरा निघू. आता कुठे नीरा आंबणार आहे?"