दाजींच्या खोक्यातली राज्यं

एकही व्हिडिओ गेम न खेळता त्यातल्या डझनभर राज्यांचा कारभार सांभाळणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच, आणि तो माझ्या ताईचा नवरा आहे, हे मी ताठ मानेनं सांगते. दाजींचं सात रस्ता चौकात चष्म्याचं दुकान. गेमचं खोकं घरात आलं की डिस्क लेकीची, बाकी सगळं बापाचं: कापडी नकाशे, बोटभर उंचीचे राजे, खोटी नाणी, माहितीची पुस्तकं. चष्मे पुसायचं मऊ फडकं घरी आणून ते रोज एकेका राजाचं तोंड पुसतात. एवढं कौतुक माझ्या बहिणीच्या वाट्याला आलं नाही.

वर्षातून एकदा ही दौलत महालक्ष्म्यांपुढं मांडली जाते. लोकांकडं आरासीला फळं-खेळणी, आमच्या ताईकडं ड्रॅगन! शुक्रवार पेठेतल्या बायका हळदीकुंकवाच्या निमित्तानं खास तेच बघायला येतात. "ह्याचं राज्य सख्ख्या भावानं बळकावलंय, काकू," असं दाजी सांगतात आणि काकू खरोखर हळहळतात. नियम मात्र कडक, खोक्यातनं आलं तेवढंच मांडायचं. एकदा ताईनं हौसेनं माहेरचा संगमरवरी हत्ती एका राजाशेजारी ठेवला, तर दाजींनी तो अलगद उचलला. "हा ह्या राज्यातला न्हाय." ताई दोन दिवस बोलली नाही. हत्ती तेव्हापासून कपाटात. शेजारच्या नरसम्मांचं आयुष्य हातमागावर गेलेलं. त्यांनी नकाशाचं कापड चिमटीत धरून "नॅपकिन बरा होईल की" म्हटलं, त्या दिवशी दाजींना जेवण गेलं नाही.

यंदा लेक पुण्याहून भलंमोठं खोकं घेऊन आली. दाजींनी पेठभर आधीच सांगून ठेवलेलं, आरासीत मधली जागा राखलेली. उघडलं तर आत आकडे छापलेलं एक चिठोरं.

"पप्पा, आता असंच येतं. हे आकडे टाकले की गेम उतरतो."

"मग खोकं कशाला दिलं?"

मला हसू फुटलं होतं, पण त्यांचं तोंड बघून गिळलं.

"म्हणजे नकाशे आता यायचेच न्हाईत?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळी बायका जमल्या. लपवाछपवी दाजींच्या स्वभावात नाही, उघडं खोकं त्यांनी मधोमध ठेवलं आणि म्हणाले, "ह्या खेपेला रिकामंच आलंय." नरसम्मा उठून घरी गेल्या, परतल्या त्या मागावरचा, आडवा धागा फिरवणारा जुना लाकडी धोटा घेऊन. पदराला पुसून त्यांनी तो खोक्यात ठेवला. "आमच्या ह्यांचा हाय. माग बंद झाला, एवढा राहिला. देवीपुढं रिकामं नको की."

ताईनं माझा हात घट्ट दाबला. आता निघतो नियम! दाजींनी धोटा उचलला. मग खिशातलं फडकं काढून त्यांनी तो पुसला आणि परत खोक्यात ठेवला. उठून कपाटातला हत्ती आणला आणि धोट्याशेजारी उभा केला.

"हे कुठलं राज्य वो?" एका काकूंनी विचारलं.

"आपलंच की, शुक्रवार पेठ," दाजी म्हणाले. "ह्याची गोष्ट मला येत न्हाय. नरसम्मा, तुमी सांगा."

नरसम्मा सांगू लागल्या आणि दाजी बायकांच्या मागं जमिनीवर बसून ऐकत राहिले.