समोरच्या पार्टीचा आवाज

पडदा वर जातो तेव्हा समोर एक बैठकीची खोली आहे. गाव सौंसर, हिवाळ्यातली सकाळ. एका बाजूला संत्र्याच्या रिकाम्या क्रेटांचा ढीग, कारण भाऊराव गजभियेंच्या बगीच्याची तोड नुकतीच आटोपली आहे. दुसऱ्या बाजूला टीव्ही, आणि त्याखाली विणलेल्या रुमालावर ठेवलेला, पोटातून कण्हणारा एक जुनाट व्हीसीआर. मधल्या खुर्चीत यमुनाबाई. भाऊरावांची धाकटी बहीण, आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्सबाई होती, आता निवृत्त. पांढरी सुती साडी, ताठ पाठ, हनुवटी किंचित वर. ज्या बाईने भरल्या मैदानापुढे माइक धरला आहे, ती घरच्या खुर्चीतही सैल बसत नाही.

टीव्हीवरही यमुनाबाईच होत्या, पण तिशीतल्या. मागे ढोलक, बेंजो, हार्मोनियम. एक हात पुढे करून, कोणाच्या तरी डोळ्यांत डोळे घालून त्या गात होत्या:

‘वात लावणारीचं नाव दिव्याला कुठं ठाव,
हात पोळला तिचा म्हणून उजळलं हे गाव.’

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग चित्र एकदम उडालं आणि पुन्हा यमुनाबाईच दिसल्या, दुसरंच काही गाताना.

भाऊरावांची मुलगी दीपाली शाळेत शिकवायची. सुटी म्हणून ती आज पहिल्यांदा पूर्ण कॅसेट बघत बसली होती. तिने विचारलं, “आत्या, तू कोणाले उत्तर देऊन राहिली? समोरचा त् दिसतच नाही.”

यमुनाबाईंनी भावाकडे पाहिलं. भाऊराव खिडकीबाहेर बघू लागले.

गोष्ट अशी होती. रामाकोन्याला बुद्धपौर्णिमेला कव्वालीचा मुकाबला व्हायचा. एका मंचावर तिगावचे मुरलीधर सोमकुवर आणि त्यांची पार्टी, समोरच्या मंचावर यमुना गजभिये आणि त्यांची पार्टी. एकाने गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच तो उचलायचा. माणसं सौंसरहून, पांढुर्ण्याहून, थेट सावनेरहून सतरंज्या घेऊन यायची आणि दोन पक्षांत वाटली जायची. नवरा सोमकुवरांचा तर बायको यमुनाबाईंची, असं घराघरांत चालायचं. भाऊराव तेव्हा मँगनीजच्या खाणीत होते. हौसेने त्यांनी व्हीसीआर आणला होता, आणि खांद्यावर धरायचा मोठा कॅमेरा साहेबांकडून मागून ते एका वर्षी मुकाबला टिपायला उभे राहिले होते.

“मंग?” दीपालीने विचारलं.

“मंग काय,” यमुनाबाई म्हणाल्या, “तुया बाप माह्या पार्टीचा. सोमकुवरजी गाले लागले का हा बटन बंद करे. मी उठली का चालू.”

“तर काय चुकलं?” भाऊराव फिरून म्हणाले. “एकच कॅसेट होती. समोरच्या पार्टीवर काहून खर्च करू मी? बहीण माही का त्याची?”

“बाबा, सवालच नाही त् उत्तराचा काय अर्थ?”

“अर्थ तेव्हा साऱ्यायले समजला होता. टाळ्या नाही आयकल्या का?”

त्याच क्षणी व्हीसीआर घरघरला, चित्रावर पट्टे आले आणि पडदा निळा झाला. दीपालीने कॅसेट ओढली तर फीत आत गुंतून लांब लोंबत बाहेर आली. भाऊरावांनी स्पिरिटची बाटली आणि चिंधी शोधायला सुरुवात केली. बायकोच्या गुडघ्यापेक्षा त्यांनी या मशीनच्या हेडची सेवा जास्त केली होती. पण दीपाली म्हणाली, “बाबा, आता पुरे. नवीन डिजिटल आणू. आत्या, चाल माह्यासंग पांढुर्ण्याले.”

यमुनाबाई लगेच उठल्या. इतक्या लगेच, की दीपालीला नवल वाटलं. पावसाळ्यात मुरलीधर सोमकुवरांना लकवा मारल्याची खबर बाईंच्या कानावर आली होती, हे तिला कुठे माहीत होतं? उजवा हात गेला, बोलणं गेलं, मग बोलणं थोडं थोडं परत आलं, असं बसमध्ये भेटलेल्या कोणी तिगावकराने सांगितलं होतं. यमुनाबाईंनी तेव्हा ‘अरे अरे’ म्हणून खिडकीची काच सरकवली होती. सहा महिने होत आले, पण जायला निमित्त नव्हतं. सोमकुवरांची बायको होती तेव्हा त्या गेल्या नाहीत, ती वारल्यावर तर मुळीच नाही. मंचावर त्यांनी त्या माणसाला गावापुढे आडवं उभं घेतलं होतं. मंचाखाली मात्र ‘जय भीम, सोमकुवरजी’ आणि ‘जय भीम, बाई’ एवढंच. यमुनाबाईंनी लग्न का केलं नाही, हे विचारून विचारून सौंसरने केव्हाच सोडून दिलं होतं.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून बाजारात काचेची दुकानं वाढली आहेत. त्यांतलं एक गौरवचं. तो दीपालीच्या ओळखीचा. त्याने काउंटरवर एक चपटी डबी ठेवली.

“काकू, हे बघा. जुना प्लेअर कुठून तरी मिळवून देतो, वायर याला जोडायची, कॅसेट चालू करायची, आणि सगळं पेनड्राइव्हमध्ये उतरून येते. फीत तुटली असंल तरी जोडून देतो. तुम्हाला एवढंच पुरे.”

दीपालीने मान डोलावली. तिला तेच हवं होतं. यमुनाबाईंनी डबी उचलून सर्व बाजूंनी पाहिली.

“कॅसेटमधी जे नाही, ते यात येते का?”

गौरव हसला. “जे नाहीच ते कुठून येईल, काकू?”

“मंग ठेव बाजूले.”

त्याने टीव्हीवरच्या मालिका भरून ठेवणारा मोठा डबा काढला. यमुनाबाई म्हणाल्या, मालिका मी चालू असताना पाहत नाही, भरून ठेवून कोणत्या जन्मी पाहू? मग त्याने मुठीत मावेल असा कॅमेऱ्याचा रेकॉर्डर काढला, आणि त्याच्याशेजारी दुसरा, जरा जाड, माइक लावायला वेगळी जागा असलेला.

“आत्या, नवीन भरायचं असंल त् माह्या मोबाइलमधी होते ना सारं,” दीपाली म्हणाली.

“तुया मोबाइल मधातच वाजते. गाण्याच्या मधात कोणाची मिस्ड कॉल आली त् मी त्याच्या अंगावर जाईन.”

दीपालीला कळेना की आत्याला आता कुठलं गाणं भरायचं आहे. यमुनाबाईंनी गौरवला दुकानाच्या पार टोकाला, मिक्सरच्या खोक्यांपाशी उभं केलं.

“तिथून बोल काही. हळू बोल. दम लागलेला माणूस बोलते तसा.”

“काय बोलू, काकू?”

“भाव सांग. तुले तेच येते.”

गौरवने धापा टाकत फ्रिजचे भाव सांगितले. नोकर हसायला लागले. यमुनाबाईंनी दोन्ही रेकॉर्डरमधून तो आवाज कानाला लावून ऐकला, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा. पातळ यंत्रात पंख्याची घरघर पुढे आणि माणूस मागे पडत होता. जाड यंत्रात माणूस जवळ येत होता. शब्दाआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता.

“स्वतःचा आवाज नाही पाहत, काकू?” गौरवने विचारलं.

“माह्या आवाज भरून आहे घरी. समोरच्याचा कसा येते ते पाहून राहिली.”

दीपालीने आत्याकडे पाहिलं. सकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला तिथे, मिक्सरच्या खोक्यांसमोर मिळालं. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि गौरवला म्हणाली, “हाच दे. आणि थोडा चार्ज करून दे, आम्हाले अजून एका जागी जायचं आहे.” कुठे, ते तिने विचारलं नाही. ऑटोत बसल्यावर यमुनाबाईंनीच सांगितलं, “तिगाव.”

तिगावच्या स्टेशनमागे सोमकुवरांचं घर होतं. रेल्वेत नोकरी झाली, तिथेच ते राहिले. अंगणात उन्हाला बाज टाकलेली. तिच्यावर गळ्यात मफलर, उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा ठेवलेला, असा एक म्हातारा. एके काळी हा माणूस कानामागे हात ठेवून सूर लावायचा तेव्हा रामाकोन्याची पोरं झाडावर चढायची. सुनेने खुर्च्या आणल्या आणि ती चहा ठेवायला आत गेली.

“जय भीम, सोमकुवरजी.”

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग ओठाचा एक कोपरा वर गेला. “जय... भीम. बाई. काहून? सवाल... संपले?”

“उत्तरं त् आहेत माह्यापाशी. सवाल नाहीत. भाऊनं तुमचे सवाल भरलेच नाही.” त्यांनी सगळं सांगितलं, बटन बंद करण्यापर्यंत. म्हातारा खांदे हलवत हसला. “भाऊराव... इमानदार माणूस. त्याच्या जागी... मी बी तेच केलं असतं.”

दीपालीने रेकॉर्डर सुरू केला. यमुनाबाई पुढे सरकल्या. “तो दिव्याचा सवाल म्हणा. तुमच्या आवाजात पाहिजे.”

मुरलीधर सोमकुवरांनी डोळे मिटले. ओठ हलले. काही आलं नाही. पुन्हा हलले. त्यांनी मान हलवली, आणि ती मान हलवणं पाहून यमुनाबाईंची पाठ पहिल्यांदा खुर्चीला टेकली.

“कोनता सवाल, बाई? मले... आठवत नाही. माहे सारे... गेले.”

स्टेशनावरून मालगाडी गेली. मग म्हाताऱ्याचा डावा हात बाजेच्या लाकडी पाटीवर पडला. एकदा, दोनदा, मग ठेका. आणि जो माणूस दोन शब्द जोडताना अडखळत होता, तो अडखळल्याविना गाऊ लागला:

‘वात लावणारीचं नाव दिव्याला कुठं ठाव,
हात पोळला तिचा म्हणून उजळलं हे गाव.’

कडव्यामागून कडवं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. स्वतःचं सगळं पुसलं गेलं होतं आणि समोरच्या पार्टीचं उत्तर तेवढं जसंच्या तसं उरलं होतं. यमुनाबाईंनी पदराने तोंड पुसलं. तोंडच पुसलं, डोळ्यांना हात लावला नाही. मंचावर डोळे पुसायचे नसतात.

“याच्या आधी... काय होतं?” सोमकुवरांनी विचारलं.

यमुनाबाईंनी हात कानामागे नेला, अगदी सोमकुवर न्यायचे तसा, आणि त्यांच्याच ढंगात सवाल टाकला:

‘सांग बाई, दिव्याखाली अंधार का राहतो?
जग उजळतो त्याच्या घरी वात कोण लावतो?’

“हे... मी म्हटलं होतं?”

“तुम्हीच. आणि वरून मिशीत हसले होते.”

“चांगलं होतं.”

“होतंच चांगलं. म्हणून त् भर पौर्णिमेत मले घाम फुटला होता. आता म्हणा माह्यामागं.”

त्या एक एक शब्द देत गेल्या, दवाखान्यात लहान लेकराला औषध पाजावं तशा. म्हातारा उचलत गेला. पहिली ओळ चार वेळा मोडली. पाचव्यांदा ती उभी राहिली. फाटक्या, वाऱ्यासारख्या आवाजात, पण सुरात आणि त्यांच्याच ढंगात. रेकॉर्डरचा लाल दिवा जळत होता. दुसऱ्या ओळीला मात्र दम पुरला नाही. त्यांनी डावा हात वर करून थांबवलं.

सून चहा घेऊन आली. “एवढं त् पावसाळ्यापासून बोलले नाही बाबा,” ती म्हणाली. “उद्या अंग दुखन त्यायचं.”

“तुमची पार्टी... जिंकली, बाई,” सोमकुवर म्हणाले. “घेऊन जा... उत्तर.”

यमुनाबाईंनी चहा संपवला, कपबशी खाली ठेवली, दीपालीच्या हातातून रेकॉर्डर घेऊन आपल्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवला. फाटकापर्यंत गेल्या आणि मागे वळून, मंचावरून म्हणावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “अर्ध्या सवालाले मी उत्तर देत नसतो, सोमकुवरजी. आयतवारी येतो, उरलेली ओळ पाठ करून ठेवा.”