सहाव्या गाण्याआधी मी वारले

मोखाड्याला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स काढण्याचं आणि अर्ज लिहून देण्याचं दुकान आहे. अर्ध्या तालुक्याचे दाखले माझ्या हाताखालून गेले असतील. माणूस कागदावर कसा जगतो आणि कसा मरतो हे मला कुणी शिकवायला नको, असा माझा तोरा होता. मागच्या सोमवारी तो उतरला.

माझी मुलगी एका हार्ड रॉक बँडमध्ये गाते. गाते म्हणजे, तिच्या बाबांच्या शब्दांत सांगायचं तर, कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखी ओरडते. आता आम्ही यावर हसतो. पण पुण्यातली बँकेतली चांगली नोकरी सोडून तिने हे सुरू केलं, तेव्हा मी वर्षभर अबोला धरला होता. तिचा फोन आला की कापायचा, ती सणाला आली की दुकानात येऊन बसायचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं माझी आई माझ्याबद्दल म्हणायची ते उगाच नाही. मग एका दिवाळीला मी तिला समोर बसवून वाढलं, ती निमूट जेवली आणि बोलणं सुरू झालं. त्या वर्षाचा विषय पुन्हा दोघींनीही काढला नाही. मला वाटलं, मिटलं.

सोमवारी तिचा मेसेज आला. बँडचा अल्बम ऑनलाइन आला होता. आठ वर्षांत गावोगावी झालेल्या कार्यक्रमांतली गाणी निवडून एकत्र केली होती. स्टुडिओत बसून गायलेलं त्यात काही नाही, सगळं लोकांसमोरचं. “मधलं बोलणंसुद्धा ठेवलंय. सवडीने ऐक,” असं तिने लिहिलं होतं.

सवड लगेच मिळाली, कारण सर्व्हर बंद पडला. पाड्यावरची एक म्हातारी हयातीच्या दाखल्यासाठी बाकावर बसली होती. आपण जिवंत आहोत असा कागद दिला नाही तर तिचं पेन्शन थांबतं. तिला म्हटलं, बस जरा, आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरवर अल्बम लावला. पहिल्या दोन गाण्यांनी कानठळ्या बसल्या. म्हातारी मात्र पाय हलवत ऐकत होती.

तिसरं गाणं नाशिकच्या कार्यक्रमातलं. ते सुरू होण्याआधी माझी मुलगी लोकांना सांगत होती, “माझी आई मोखाड्याला झेरॉक्सचं दुकान चालवते. ती म्हणते, तुझ्या आवाजाची झेरॉक्स काढली तर माझं मशीन बिघडेल.” सगळं नाशिक हसलं. मी खरंच तसं म्हणाले होते. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आवाज आणखी वाढवला आणि म्हातारीला सांगितलं, ही माझी मुलगी.

सहावं गाणं ठाण्याचं होतं. गिटार हळू वाजत होती. ती म्हणाली, “हे गाणं आईसाठी. माझी आई आता नाही. आजच कळलं.” हजारभर माणसं एकदम गप्प झाली. मग टाळ्या सुरू झाल्या आणि त्या थांबेचनात. माझ्या मरणावर लोक टाळ्या वाजवत होते आणि मी हातात स्टेपलर धरून ऐकत होते.

“बाय, ही तुजी पोर ना?” म्हातारीने विचारलं.

“हो.”

“मंग तिची आयस कोन?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी म्हटलं, “गाण्याआधी बोलतात असं काहीतरी.” तिला ते पटलं नाही. ती म्हणाली, “माजा कागद काडशील तवा तुजाबी एक काड.”

अल्बमवर प्रत्येक गाण्याखाली गाव आणि साल दिलं होतं. ठाण्याचं साल अबोल्याचं निघालं, नाशिकचं त्यानंतरचं. म्हणजे मी आधी मेले आणि मग झेरॉक्स काढायला परत आले. आता धक्क्याची जागा संतापाने घेतली. मी फोन घेतले नव्हते, मान्य. पण तेवढ्यासाठी कुणी जन्मदातीला मारतं? मी तिथेच उभी राहून फोन लावला.

“मी कधी मेले ग?” मी विचारलं.

ती म्हणाली, “ठाण्याला गायले त्याच दिवशी सकाळी. मला पासपोर्टसाठी रेशनकार्ड हवं होतं. बाबांनी फोटो पाठवला. तू बघ ना कार्ड.”

घरातले सगळे कागद दुकानाच्या खणातच असतात. मी कार्ड उघडलं. पहिली ओळ माझी, दुसरी तिच्या बाबांची. तिसऱ्या ओळीत तिचं नाव आणि त्यावर लाल शाईची आडवी रेघ, बाजूला कारकुनाची सही. नाव कमी करण्याचा अर्ज कुटुंबप्रमुखानेच करावा लागतो आणि कार्ड माझ्या नावावर आहे. म्हणजे अर्ज मीच लिहिला होता, याच टेबलावर, रागाच्या भरात. कारण लिहिलं होतं स्थलांतर. समोर कचेरीत देऊन आले होते आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं होतं. नंतर मी ते साफ विसरले. असे अर्ज मी रोज लिहिते, त्यातलाच तो एक. मला माझीच भीती वाटली.

“पाठवताना तुला माहीत होतं, मी हे ऐकणार?”

“हो,” ती म्हणाली. “तोंडाने सांगणं जमलं नसतं. पण आई, अजून हातात आहे. ते बोलणं कापून नुसतं गाणं ठेवता येईल. कापू?”

कार्डावर नाव पुन्हा वाढवता येतं. ते नव्या ओळीत येतं. खोडलेलं नाव रेघेखाली तसंच राहतं.

“नको,” मी म्हटलं. “आधी मी मारलंय तुला.”