बिडीचं ताट

पांडेसऱ्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी भजन असतं. आमचे हे तिथे पखवाज वाजवायचे. डाइंग मिलमध्ये छाती खराब झाली, तसा आधी पखवाज सुटला, मग बसणंही. स्वतः कधी बिडीला शिवले नाहीत. पण हॉलमध्ये भजन कमी आणि धूरच जास्त. बसले की लगेच खोकत बाहेर. "दारात उभा राहून ऐकतो," म्हणायचे. मला ते बघवत नसे.

मग मी कंबर कसली. सार्वजनिक जागी बिडी ओढू नये असा कायदा आहेच, फक्त आमच्या सोसायटीने तो मनावर घेतला नव्हता. नणंदेला सोबत घेऊन मी घरोघर फिरले. बायका लगेच तयार झाल्या. पुरुष म्हणाले, "भाभी, थेट पोलीसच आणा ना!" आणि खो खो हसले. बैठकीत यांच्यादेखत विषय निघाला, तर एकाही पुरुषाचा हात वर झाला नाही. घरी आल्यावर हे म्हणाले, "जाऊ दे, आपलीच माणसं आहेत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच हिवाळ्यात हे गेले.

लोक सांत्वनाला त्याच हॉलमध्ये बसले. आमच्याकडे दुःखात आलेल्या पुरुषांपुढे बिडी-काडीचं ताट फिरवतात. सासूबाईंनी ते भरलंसुद्धा. मी त्यांचा हात धरला, तर डोळे पुसत म्हणाल्या, "लोके दुखमा येल शेतस. बिडी नही दिधी ते काय म्हनतीन?" त्यांचा तर मुलगा गेला होता; त्यांच्यावर काय रागवायचं? मी ताट उचललं आणि पुरुषांसमोर जाऊन उभी राहिले. दोघा-तिघांनी खिशातली बिडी पेटवलीही होती. "यांना इथे बसायचं होतं," एवढंच मला बोलता आलं. पुढे रडूच फुटलं.

बिड्या विझल्या. पुढच्या बैठकीत सगळ्यांचे हात वर झाले. आता हॉलच्या दारावर पाटी आहे, आणि कुणी काडी काढलीच तर शेजारचाच त्याला बाहेर पिटाळतो. भेटेल तो म्हणतो, "भाभी, तुम्ही करून दाखवलं." मी हसत नाही. डोंबल करून दाखवलं! हेच हात आधी वर झाले असते, तर यांचे शेवटचे शनिवार तरी दाराबाहेर उभं राहून गेले नसते.