अंधारकाकांचा ओठ

पडदा उघडतो तो काळोखात. डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख, आणि त्यात एक पासष्टीचा माणूस बिनधास्त वावरतोय. सारी प्रयोगशाळा त्यांना अंधारकाका म्हणे. उभं आयुष्य फोटो धुण्यात गेलं. रोलचे दिवस सरले, दुकानाला कुलूप लागलं, आणि एके दिवशी इथल्या शास्त्रज्ञ मॅडम त्यांचं दार ठोठावत आल्या. त्यांना काकांचीच जुनी विद्या हवी होती.

मॅडमना पकडायचा होता प्रतिद्रव्याचा कण. आपल्या द्रव्याचा हा उलटा जुळा भाऊ. दोघांची गाठ पडली की दोघेही नाहीसे! ही गाठ कुठे पडली, ते केसाच्या पन्नासाव्या हिश्शाइतकं अचूक सांगायचं, तर काचेवर फिल्मसारखा लेप हवा. तो काका हाताने चढवत. लेपाची बाजू कणांच्या वाटेकडे हवी. उलटी बसली, तर कण कोऱ्या काचेवरच संपणार आणि नेमकी जागा हातची जाणार.

बाजू कळावी म्हणून काचेचा एक कोपरा छाटलेला असे. कण मिळणार होते फक्त त्या दुपारी. पुढची पाळी वर्षभराने. काच चौकटीत बसवून काका झाकण लावणार, तोच त्यांचा हात थबकला.

"मॅडम, या काचा नव्या कारागिराच्या ना? कोपरा उजवीकडे छाटलाय की डावीकडे, लेप देताना मी पाहिलंच नाही. सवयीनं धरली."

"काका, आत्ता सांगताय? दिवा लावला तर सगळं गेलं!"

"दिवा कशाला? ओठ आहे की."

"ओठ?"

"ओल्या ओठाला लेप जरासा चिकटतो. नुसती काच नाही चिकटत."

"अहो, श्वाससुद्धा लागू द्यायचा नाही, असा नियम आहे."

"नियम तुमचा. मोडायचा का, ते तुम्हीच सांगा."

काळोखात एक सुस्कारा ऐकू आला. "अगदी कोपऱ्याला हं."

काकांनी काच काढली. वाटेकडची बाजू ओठाला गार, गुळगुळीत लागली. दुसरी बाजू टेकवली, तर ओठ हलकेच चिकटला. काच उलटी बसली होती. काकांनी ती फिरवून बसवली आणि झाकण लावलं.

तीन दिवसांनी, काच धुऊन वाळल्यावर, मॅडमनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. एका टिंबातून सहा रेषा फुटल्या होत्या, गाठ पडताना उडालेल्या ठिकऱ्यांच्या.

"काका, इथे गेला तो. बरोब्बर इथे."

काकांनी डोळा भिंगाला लावला. हजारो चेहरे त्यांनी उजेडात आणले होते. नाहीसं होताना दिसलेलं हे पहिलंच.

मॅडमनी दोन चित्रं घरी न्यायला दिली, एक काचेच्या कोपऱ्याचं, एक त्या टिंबाचं. कोपऱ्यातला ओठाचा ठसा पाहून काकू उसळल्या, "चाळीस वर्षं झाली लग्नाला, आणि ओठ उमटवलेत काचेवर!"

मग त्यांनी दुसरं चित्र उचललं. काकांनी टिंबावर बोट ठेवून सांगितलं, कण नेमका इथे नाहीसा झाला.

"म्हणजे हे गेलं, ते आपल्याला दिसलं होय?"

"दिसलं," काका हळूच म्हणाले, आणि चष्मा पुसून पुन्हा बघायला वाकले.