चुंबक चिकटणारी डबी

पीएचडीची चार वर्षं मी एका डबीभोवती काढली. ओंजळीत मावेल एवढी चौकोनी डबी, आत पाऱ्यासारखा चकचकीत पातळ धातू. एक बाजू तापवायची, समोरची गार ठेवायची. तापलेला धातू वर चढतो, गार झालेला खाली उतरतो आणि फिरता फिरता उष्णता पलीकडे नेतो. पातेल्यात शिजणारी डाळ वरखाली होते, तसंच. हीच डबी मोठ्या विद्युतचुंबकाच्या तोंडात ठेवली की ते फिरणं मंदावायला हवं, उष्णता कमी पोचायला हवी. किती कमी, एवढंच मला मोजायचं होतं. संगणकावर तर आलेख सुरेख उतरत होता.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत पन्नाशीचे, कंत्राटावरचे एक मदतनीस होते. हर्सूलहून सायकलवर यायचे. सगळे त्यांना मामा म्हणत. पूर्वी ते शहागंजात भांड्यांच्या दुकानात होते. तिथं गिऱ्हाईक स्टीलला चुंबक लावून बघतं आणि चिकटलं तर भांडं खाली ठेवतं. मामांची ती सवय गेली नव्हती. मी घाईत मागवलेल्या पत्र्याची डबी तयार होऊन आली, तशी त्यांनी खिशातलं चुंबक तिला लावलं.

“सर, हे चिकटतंय बघा. हे चालायचं नाय. चुंबकाचा सगळा जोर पत्राच खाऊन टाकील, आत काय पोचणार?”

“मामा, आपल्याला यात वरण शिजवायचं नाहीये,” मी म्हणालो. दोन विद्यार्थी हसले. मलाही माझा विनोद आवडला. खरं तर मनात शंकेची पाल चुकचुकली होती. पण नवी डबी म्हणजे आणखी दोन महिने, आणि एवढ्याशा पत्र्यानं काय होतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

व्हायचं तेच झालं. चुंबकाचा जोर कितीही वाढवला तरी आकडे ढिम्म. मामा दर दहा मिनिटांनी तापमान वहीत उतरवत, अगदी सुवाच्य अक्षरात, आणि मला ती वही फाडून टाकावीशी वाटे. आढाव्याला विभागप्रमुखांनी विचारलं, असं का होतंय? मामा तिथंच उभे होते.

“मोजणीत गडबड आहे, सर,” मी म्हणालो. “मामा तापमानाच्या तारा नीट बसवत नाहीत.”

मामांनी वही मिटून टेबलावर ठेवली. पुढच्या सोमवारी त्यांना प्रयोगशाळेतून काढून गेटवर बसवलं.

मी गुपचूप न चिकटणाऱ्या स्टीलची डबी करून घेतली. पहिल्याच दिवशी आकडे उतरले. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. तरीही प्रबंधात लिहिलं, ‘सुरुवातीच्या मोजणीत मानवी चुका आढळल्या.’ लाज वाटत होती, आणि ती वाटत असतानाच मी ते वाक्य दोनदा सुधारलं.

महिन्याभरानं धीर करून गेटवर गेलो. “मामा, चूक पत्र्याची होती. म्हणजे माझीच.”

“मला ठाऊक हाय की, सर.” मला बघून ते खुर्चीवरून उठलेसुद्धा होते. “पण मला सांगून काय फायदा? सायबाला सांगा. लई नाय, तारा नीट बसवल्या हुत्या, एवढंच.”

“आत्ता सांगतो,” म्हणून मी तडक विभागप्रमुखांकडं गेलो. ते एकटेच होते. प्रबंधावर त्यांची सही बाकी होती. त्यांनी सही केली, पाठ थोपटली, चहा मागवला. मी चहा प्यायलो.

मी बाहेर पडताना मामांनी फाटक उघडून धरलं. “सांगितलं का, सर?”

मी हो म्हणालो.